‘कुणाचा डावा?’ असं विचारणारे आमचे मामा

श्री. यशवंतमामा कुंभार यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्यावर चांगलीच चिडले होते. अमृतमहोत्सवी गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. पण संपादक मंडळींनी ‘प्रथम परिचयापासून लिहावं’ असं कळवलं आहे आणि प्रथम परिचय असाच झाला, त्याला माझा इलाज नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरच्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात मी नुकतीच दाखल झाले होते. जयसिंगपूरच्या आडत व्यापाऱ्याची मुलगी, बारावीच्या गुणांचा तोरा अजून उतरायचा होता. शरीररचनाशास्त्र विभागाच्या संग्रहालयात आम्हाला शाडूच्या मातीचा मेंदू करायला बसवलं होतं. खऱ्या मेंदूंच्या बरण्या समोरच्या कपाटात होत्या. पण त्या मोजक्या, आणि फॉर्मलिनमधला मेंदू शंभर जणांच्या हातांतून फिरला की त्याचे तुकडे पडायला वेळ लागत नाही. म्हणून आधी माती, मग बरणी, असा तिथला शिरस्ता होता. दोन तास खपून मी मेंदू घडवला, टाचण्यांना चिठ्ठ्या लावून एकेका भागात खोचल्या आणि शेवटी ‘डावा’, ‘उजवा’ अशा दोन चिठ्ठ्या टोचून हात पुसले. बाकीच्यांचे मेंदू अजून बटाट्यासारखे दिसत होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “काय पावणं, कुणाचा डावा?”

वळून पाहिलं, तर खाकी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले, हात मातीने भरलेले एक गृहस्थ उभे होते. मला वाटलं, इथले शिपाई असतील. मी तुटकपणे म्हणाले, “मेंदूचा.”

“मेंदूचा व्हय. पर मेंदू ज्याच्या डोस्क्यात हाय त्याचा डावा, का तुमी म्होरं बसलाय म्हणून तुमचा डावा?”

मला प्रश्नच कळला नाही, आणि कळला नाही म्हणून राग आला. त्यांनी मला खूण करून खोलीच्या कोपऱ्यात नेलं. गणपती तोंडावर आले होते आणि महाविद्यालयाची मूर्ती तिथेच घडत होती. “सोंड कुटं वळलीया?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “उजवीकडे.” ते इतक्या मोठ्यांदा हसले की सगळा वर्ग आमच्याकडे बघू लागला.

“आवो, डाव्या सोंडंचा हाय त्यो! देवाचा डावा बघायचा, आपला न्हवं. जावा, मूर्तीच्या मागं जाऊन उभं ऱ्हावा. हां. आता तुमचं त्वांड आन् देवाचं त्वांड एकीकडं झालं. आता सांगा.”

आमच्या घरी गणपती बसत नसे, त्यामुळे सोंडेची ही भानगड मला ठाऊक नव्हती. मूर्तीच्या मागे उभी राहिले आणि सोंड खरोखरच डावीकडे होती. मी परत जागेवर आले. माझा मेंदू कपाळाची बाजू माझ्याकडे करून ठेवलेला होता आणि मी माझ्या डाव्या हाताकडच्या अर्ध्या भागावर ‘डावा’ अशी चिठ्ठी खोचली होती. मुकाट्याने दोन्ही चिठ्ठ्या बदलल्या. शेजारच्या मैत्रिणीने कानाशी येऊन सांगितलं, “ते मामा आहेत. आपल्या सरांनासुद्धा शिकवतात.”

सरकारी कागदावर मामांचं पद ‘मॉडेलर’ असं होतं. शरीराच्या भागांच्या प्रतिकृती करायच्या, जुन्या झालेल्या दुरुस्त करायच्या, तक्ते रंगवायचे, हे त्यांचं काम. शिक्षण दहावीपर्यंत. शिवाजी पेठेतल्या घरी आजोबांपासून मूर्तिकाम चालत आलेलं, त्यामुळे हात तयार होता. नोकरी लागली तेव्हा ‘मूत्रपिंड कर’ म्हणून सांगितल्यावर त्यांनी कसाबसा एक मोठा काजू केला होता, असं ते स्वतःच सांगतात. त्या काळच्या विभागप्रमुखांनी तो काजू मोडायला लावला आणि खरं मूत्रपिंड हातात दिलं. तिथून मामांनी या विषयाची पाठ सोडली नाही. व्याख्यान सुरू झालं की शेवटच्या बाकामागे उभं राहून ऐकायचं, नंतर बरणीतला नमुना हातात घेऊन बोटांनी वाचायचा आणि मग मातीला हात लावायचा. अशी वर्षानुवर्षं गेली. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं, ते मामा डोळे मिटून, मातीच्या बारीक वळ्या वळून घडवत असत. पदव्युत्तर विद्यार्थी ते बघायला मुद्दाम येत.

त्यांच्या बोलण्यातला एक नियम सगळ्या तुकड्यांना पाठ होता. पहिल्या दिवसापासून ते प्रत्येक विद्यार्थ्याला ‘डॉक्टर’ म्हणत. अठरा वर्षांच्या, मिसरूड न फुटलेल्या मुलालासुद्धा. पण कुणी चूक केली, की तो लगेच ‘पावणं’ व्हायचा. म्हणजे अजून घरचा झाला नाही, बाहेरून आलेला आहे, पाणी पिऊन जावं. चूक सुधारली की पुन्हा ‘डॉक्टर’. मी तब्बल दोन महिने पावणं होते. परीक्षेतल्या गुणांपेक्षा त्या एका शब्दाची धास्ती आम्हाला जास्त वाटायची.

मेंदू शिकवायची त्यांची पद्धत कुठल्या पाठ्यपुस्तकात मला अजून सापडलेली नाही. मेंदूला एवढ्या वळ्या का, हे सांगताना ते मातीवर झाकायचं ओलं फडकं घ्यायचे आणि टेबलावर पसरायचे. “हे एवढं कापाड ह्या तांब्यात घाला बघू, पर फाडायचं न्हाय.” आम्ही ते चुरगाळून तांब्यात कोंबायचो. मग ते तांब्याचं तोंड आमच्याकडे वळवायचे. आत फडक्याच्या घड्या आणि घड्यांमधल्या खाचा दिसायच्या. विचार करणारा थर म्हणजे हे फडकं आणि तांब्या म्हणजे कवटी, हे एकदा पाहिलेला विद्यार्थी आयुष्यात विसरत नाही. लहान मेंदूसाठी ते भाजीतला फ्लॉवर मधोमध उभा कापून दाखवत. आतल्या पांढऱ्या फांद्या दाखवून म्हणत, “तोल सांभाळायचं काम ह्या झाडाचं. रंकाळ्यावर कुणी झिंगून चालताना दिसला, तर समजायचं, हे झाड भिजलंय.” मेंदूचा देठ करताना मात्र ते गप्प होत. श्वास आणि हृदयाचे ठोके तिथून चालतात, तो करताना बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

पण त्यांची सगळ्यांत लाडकी वस्तू म्हणजे मातीचा एक विचित्र माणूस. मेंदूच्या वरच्या भागात, साधारण कानाच्या वर, हालचालींची एक आडवी पट्टी असते. शरीराच्या ज्या अवयवाला बारीक काम असतं, त्याला त्या पट्टीत जास्त जागा मिळते. त्या जागेच्या मापाने मामांनी माणूस घडवला होता. धड चिमणीएवढं, पाय काडीसारखे, ओठ आणि जीभ दांडगी आणि हाताचे पंजे सुपासारखे, त्यातही अंगठा सगळ्यांत मोठा. तो माणूस टेबलावर ठेवून ते आपल्या मातकट हाताकडे बघत आणि छाती फुगवून म्हणत, “बघा की! पाठीला चिमूटभर जागा आन् हाताला एवढी! वरच्याला कुंभाराची किंमत ठावं हाय.” एका व्याख्यात्याने एकदा त्यांना सांगितलं की ही जागा फक्त कुंभाराच्या नव्हे, सगळ्यांच्याच हाताला असते. मामा म्हणाले, “आसंल. पर वापरतंय कोण?”

वर्ष संपलं की आमचे सगळे मेंदू मोडायचे, हाही त्यांचाच नियम. संग्रहालयामागे एक सिमेंटचा हौद होता. प्रत्येकाने आपला मेंदू स्वतःच्या हाताने त्यात सोडायचा, विरघळू द्यायचा आणि ती माती पुढच्या तुकडीसाठी गाळून ठेवायची. मी माझा मेंदू द्यायला तयार नव्हते. इतका चांगला झाला होता, घरी नेऊन आईला दाखवायचा होता. मी वाद घातला, रडकुंडीला आले. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डॉक्टर, ह्यो मेंदू आता तुमच्या हातात गेलाय. भायेर ठेवून काय करायचा? लोणचं घालायचं हाय का?” मी तो हौदात सोडला. आमच्या हाताखालची माती आमच्या आधीच्या कितीतरी तुकड्यांनी मळलेली होती, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. आज कोल्हापुरातला, सांगलीतला, अगदी परदेशातलासुद्धा आमच्याकडचा एखादा डॉक्टर भेटला, की आम्ही एकाच मातीत हात घातलेले आहोत, या गोष्टीचा मला अतोनात अभिमान वाटतो.

आता एक गोष्ट सांगते, ती मामांना आवडणार नाही. आमचं घर जैन, सूर्यास्तानंतर जेवण नाही. वसतिगृहाच्या खाणावळीत मी ते पाळत होते, पण थंडीच्या दिवसांत आमचं प्रात्यक्षिक संपेपर्यंत उजेड जायचा. पहिले काही दिवस मी उपाशी झोपले. कुणाला सांगितलं नाही. मग अचानक मामा प्रात्यक्षिक संपायच्या बरंच आधी टाळ्या वाजवून ओरडायला लागले, “चला, चला, आवरा! किल्ली जमा करायची हाय!” मुलं खूश, मी धावत खाणावळीत. सगळी थंडी असं चाललं. पुढे कितीतरी वर्षांनी संग्रहालयाच्या जुन्या किल्ल्यांचा विषय निघाला, तेव्हा कार्यालयातल्या एकांनी सांगितलं की किल्ली जमा करायची पद्धत तिथे कधी नव्हतीच, ती मामांच्याच खिशात असायची. मी मामांना जाब विचारला. ते म्हणाले, “आवो, मलाच फुटबॉलची मॅच बघायला जायाचं आसायचं.” हेही अर्धं खरं असणार. पेठेतल्या संघाचा सामना असला की मामा कुणाचे नसतात. पण दररोज सामना नसतो, एवढा हिशेब मला येतो.

मामांचं एक मात्र मला कधी पटलं नाही आणि ते मी इथे लिहिणार आहे. त्यांच्या प्रतिकृतींची छायाचित्रं पुस्तकांत छापून आली, प्रदर्शनांत मांडली गेली, पाहुण्यांना दाखवली गेली. खाली नाव असायचं विभागाचं, कधी एखाद्या प्राध्यापकांचं. मामांचं कधीच नाही. मी तावातावाने विचारलं, तर म्हणाले, “आमच्या आज्ज्यानं मूर्तीखाली नाव घाटलं न्हवतं. पाण्यातच जायाची ती. नाव घालून करायचं काय?” मी म्हणाले, “मेंदूची प्रतिकृती पाण्यात जात नाही मामा, कपाटात राहते.” ते हसले आणि विषय फुटबॉलवर नेला. हा गौरवग्रंथ काढायचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, त्यामागे हे जुनं भांडण आहे. मुखपृष्ठावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत छापायचा आग्रहही माझाच.

पुढे मी मेंदूची शल्यविशारद झाले. आमच्या घराण्यात भाजी चिरतानासुद्धा दिवेलागणीच्या आत चिरावी म्हणणारी माणसं. त्यातली मी डोकी उघडायला निघाले, याचं घरच्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. मेंदूशी माझी ओळख हातांनी झाली होती, आणि हातांना त्याची भीती कधी वाटलीच नाही.

प्रशिक्षणाच्या काळात परगावच्या एका रुग्णालयात होते. तिथला एक दिवस मी आजवर चारचौघांत सांगितलेला नाही. दुपारची वेळ. डोक्याला मार लागलेले एक शिंपीकाका दाखल झाले, कवटीखाली रक्त साठलं होतं, तातडीने काढायला हवं होतं. दिव्याच्या पेटीवर सीटी स्कॅनची फिल्म मीच लावली, आणि घाईत उलटी लावली. कोपऱ्यातलं, डावं-उजवं सांगणारं अक्षर वाचलं नाही. रक्त डावीकडे आहे असं ठरवून काकांचं अर्धं डोकं भादरायला सांगितलं आणि शाईने खूण केली. भूल द्यायची तयारी झाली. मी डोक्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि माझ्या कानात कुणी बोलल्यासारखं झालं, “कुणाचा डावा?”

मामांनी आम्हाला आणखी एक सवय लावली होती. मागे उभं राहायचं, आणि मग ज्याचा मेंदू आहे त्याच्या हातांना विचारायचं. मेंदूचा डावा भाग उजव्या हाताला हुकूम देतो आणि उजवा भाग डाव्या हाताला. मी काकांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, “काका, दाबा बघू.” उजव्या हाताने त्यांनी माझी बोटं चांगली आवळली. डावा हात नुसता पडून होता. डावा हात लुळा, म्हणजे रक्त उजवीकडे. आणि खूण डावीकडे. फिल्म पाहिली, ती उलटी होती. मी तिथेच, सगळ्यांसमोर, आमच्या वरिष्ठांना सांगितलं, “सर, मी चुकीची बाजू धरली होती.” ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता. उरलेलं डोकं भादरलं, उजव्या बाजूने शस्त्रक्रिया झाली, काका वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली तक्रार केली, “सगळं डोकं कशाला भादरलं हो?” मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “पोरी, कापड कापायच्या आधी आम्हीपण दोनदा मोजतो.”

सुट्टीत कोल्हापूरला आले ती थेट संग्रहालयात गेले. मामांना सगळं सांगितलं, सांगताना रडले. वाटलं होतं, आता आयुष्यभर ‘पावणं’. मामांनी मातीचा एक गोळा माझ्यासमोर ठेवला, “मळा.” मी अर्धा तास मळत बसले. मग ते म्हणाले, “तुमी चुकला न्हाईसा, डॉक्टर. चुकायला लागलतासा. मधी थांबलासा.” मोठमोठ्या परिषदांत माझं कौतुक झालं आहे, शाली मिळाल्या आहेत. पण त्या दिवशीच्या ‘डॉक्टर’ची सर कशालाच आली नाही.

गेल्या वर्षी श्रावणात मामांचे चिरंजीव संजय यांचा मला दवाखान्यात फोन आला. सेवानिवृत्तीनंतर मामा घरीच मूर्तिकाम करतात, आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अजून त्यांच्याखेरीज कुणी करत नाही. संजय म्हणाले, “ताई, आज आबांनी डोळा चुकवला.”

“चुकवला म्हणजे?”

“बाहुली खाली गेली. परत काढली, परत गेली. मग ब्रश खाली पडला. उजव्या हातातनं आपोआप पडला, ताई. आता मूर्तीसमोर गप बसल्यात. कुणाला वळखत न्हाईत.”

महिन्यापूर्वी माळ्यावरून साचा काढताना मामा स्टुलावरून घसरले होते. डोक्याला टेंगूळ आलं, ते त्यांनी टोपीखाली दडवलं आणि कुणाला सांगितलं नाही. मामींनाही नाही. या वयात असा साधा मारसुद्धा आतल्या आत रक्त झिरपवत राहतो, आणि तीन-चार आठवड्यांनी मेंदूवर दाब येतो. स्कॅन पाहिला. या वेळी कोपऱ्यातलं अक्षर तीनदा वाचलं. रक्त डाव्या बाजूला होतं आणि त्याचा सगळा भार नेमका त्या आडव्या पट्टीवर होता. सुपाएवढा पंजा ज्या जागेत मावतो, त्याच जागेवर.

आमच्या व्यवसायात आपल्या माणसावर आपण शस्त्र चालवू नये, असा एक समज आहे. मी दुसऱ्या सहकाऱ्यांना बोलवायचा विचार केला. खरं सांगते, मला भीती वाटत होती. मामा वाचतील याची मला जवळपास खात्री होती. पण हात परत येईल का? उजवा हात गेलेले यशवंतमामा जिवंत असतील, पण त्यांचं काय होईल, हे मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. मामी एवढंच म्हणाल्या, “त्यास्नी दुसऱ्या कुणाचा हात चालायचा न्हाय. तुझा हात त्यांनीच शिकवलेला हाय.”

संजयना समजावून सांगायला मी मामांच्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. मामा डोळे मिटून पडले होते. सकाळपासून त्यांच्या तोंडून एक धड वाक्य आलं नव्हतं. मामींनाही ते नुसतं ‘कोण?’ म्हणून विचारत होते. मी म्हणाले, “संजय, रक्त डाव्या बाजूला साकळलंय, इथे,” आणि मामांच्या डोक्याकडे हात केला. घाबरलेल्या माणसाचा हात जसा जातो तसा तो गेला, माझ्या डाव्या अंगाला. म्हणजे मामांच्या उजव्या.

मामांनी डोळे उघडले, माझ्या हाताकडे पाहिलं. जीभ जड होती, शब्द ओढत ओढत आले, पण आले. “पावणं… कुणाचा डावा?”

इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतर मी सांगू शकते की नवी ओळख, ताजी आठवण ही मेंदूतून आधी निसटते, आणि हजारदा म्हटलेलं वाक्य सगळ्यांत शेवटपर्यंत टिकून राहतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या क्षणी मात्र पुस्तक कुठल्या कुठे गेलं. मामांनी मला ओळखलं नव्हतं, पण माझी चूक ओळखली होती. मी खाटेला वळसा घालून त्यांच्या डोक्यामागे जाऊन उभी राहिले. त्यांच्या डाव्या कानाच्या वर तळहात ठेवला आणि म्हणाले, “तुमचा, मामा. तुमचा डावा.”

“हां,” ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शस्त्रक्रिया केली. कवटीला दोन लहान छिद्रं पाडली आणि काकवीसारखं काळपट, पातळ रक्त आपोआप बाहेर आलं. खाली दबलेला मेंदू दिसला, मामा घडवतात तस्साच, वळीला वळी लागलेला. तो हळूहळू वर यायला लागला. माझे हात थरथरले नाहीत, हे मी अभिमानाने सांगते, आणि त्या अभिमानातला मोठा वाटा मामांचा आहे.

दोन दिवसांनी मामा मामींना नावाने हाक मारू लागले आणि चहा पाणचट आहे म्हणून तक्रारही करू लागले. पण उजवा हात चादरीवर तसाच होता. बोटं हलत, पकड नव्हती. चौथ्या दिवशी मी घरून शाडूचा एक लिंबाएवढा गोळा ओल्या फडक्यात बांधून नेला. परिचारिका रागावल्या, स्वच्छ खाटेवर माती म्हणजे काय! मी त्यांची माफी मागितली आणि गोळा मामांच्या उजव्या तळहातावर ठेवला.

मामांनी तो बराच वेळ नुसता धरला. मग अंगठा हलला. दाबला, सोडला, परत दाबला. बोटं जवळ आली. संजय भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मामांनी गोळा हळूहळू फिरवला, एका बाजूने थोडा निमुळता केला आणि अंगठ्याच्या नखाने मधोमध एक चीर पाडली. डावा अर्धा आणि उजवा अर्धा. मग चिमटीने दोन-चार वळ्या काढल्या. वाकड्या होत्या. आयुष्यात त्यांच्या हातून इतका वाकडा मेंदू कधी झाला नसेल. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, “काय डॉक्टर, येतंय न्हवं?”

मी रडत होते आणि परिचारिकाबाई पण.

यंदा मामांनी पुन्हा मूर्तींचे डोळे आखले. हात पूर्वीइतका चपळ नाही, पण नेमका आहे. एका मूर्तीला त्यांना आता दुप्पट वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ते संजयना तिप्पट बोलतात. शनिवारी संग्रहालयात येऊन नव्या तुकडीला माती मळायला बसवतात. परवा एका मुलीने त्यांच्याशी हुज्जत घातली, तेव्हा मी दाराशी उभी होते. ती म्हणाली, “मेंदूचा डावा!” मला हसू आवरेना.

मामा, आता हे थेट तुम्हाला. हॉस्पिटलातून घरी जाताना तुम्ही मला बजावून सांगितलं होतं, “त्यो गोळा पाण्यात सोडा, डॉक्टर. आपला नियम हाय.” मी ‘हो’ म्हणाले होते. मी तो सोडलेला नाही. तो माझ्या टेबलावर आहे. वाळल्यावर त्याला एक तडा गेलाय, पण बाकी शाबूत आहे. रोज शस्त्रक्रियेला जायच्या आधी मी त्याच्या मागच्या बाजूला उभी राहते. आणि त्याच्या तळाशी, टाचणीने कोरून, मी तुमचं पूर्ण नाव घातलं आहे. तुमच्या आजोबांनी कधी नाव घातलं नसेल, मी घातलं.

दोन नियम एकदम मोडलेत, हे मला मान्य आहे. त्याबद्दल तुम्ही मला पुन्हा ‘पावणं’ म्हणालात तरी चालेल, दोन महिने म्हणा, दोन वर्षं म्हणा. तुमच्या शंभराव्या वाढदिवसाला, असाच धडधाकट उजवा हात माझ्यापुढे नाचवत, भर सभेत म्हणा. मी ऐकायला पहिल्या रांगेत बसलेली असेन, आणि गोळा तेव्हाही देणार नाही.